कमी पैशांत चौघांचं चवदार जेवण: नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी

मराठी घरात सकाळी पहिला प्रश्न असतो, "आज भाजी काय?" खर्चाची गडबड इथूनच सुरू होते. ताटातली सगळ्यात बेभरवशाची गोष्ट म्हणजे भाजी. तिचा भाव रोज बदलतो, ती चार दिवसांत सुकते, आणि नुसत्या भाजीवर चौघांचं भागवायचं तर एका वेळेला पाऊण किलो लागते. म्हणून प्रश्न आदल्या रात्रीवर ढकला आणि बदला: "उद्यासाठी काय भिजवलंय?" मुख्य पदार्थ कडधान्याचा, डाळीचा किंवा बेसनाचा ठरला की भाजी थोडी पुरते, आणि एखाद्या दिवशी नसली तरी कोणी ओरडत नाही.

खालचा सगळा हिशेब दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं धरून केलेला आहे. वाटी म्हटलं की शंभर ते सव्वाशे ग्रॅम डाळ बसेल अशी नेहमीची आमटीची वाटी.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फ्रिजवर एक कागद लावा आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा: काय विकत आणलं आणि काय टाकलं. दुसरी यादी लाज आणणारी असते, पण कामाची तीच. काळी पडलेली कोथिंबीर, मऊ झालेली काकडी, दोन वाट्या भात, उघडून विसरलेला ब्रेड. यात तिसरा रकाना "घरपोच मागवलं" असा करा. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स एका लिंबासाठी उघडली जातात आणि चिप्सचं पाकीट घेऊन बंद होतात. वर पोचवण्याचा आकार वेगळाच.

किलोचा नाही, वेळेचा भाव काढा

दुकानातली पाटी किलोचा भाव सांगते. घरात पाहायचं ते हे की एका किलोत चौघांच्या किती वेळा भागतात. कोरडी मटकी दीडशे ग्रॅम घेतली तर भिजून मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते आणि चौघांना भरपूर उसळ होते. म्हणजे किलोत सहा वेळा. तूरडाळ वरणाला एक वाटी लागते, तर किलोत आठ वेळा सहज. फ्लॉवरचा गड्डा किलोचा असला तरी पानं-दांडा काढून एक वेळ, फार तर दीड. पनीरचं दोनशे ग्रॅमचं पाकीट एका वेळेत संपतं आणि तरी मुलं "अजून आहे का?" विचारतात. किलोचा भाव आपापल्या दुकानातून घ्या, या आकड्यांनी भागा, आणि उत्तर कागदावर लिहा. एकदा हा तक्ता झाला की बाजारात डोकं आपोआप तसं चालतं.

या हिशेबात एक जुना समजही तपासून घ्या. "ज्वारी म्हणजे गरिबाचं खाणं" हे आता खरं राहिलेलं नाही. चांगली मालदांडी ज्वारी कित्येकदा गव्हापेक्षा महाग पडते. भाकरी आवडते म्हणून जरूर खा, पण ती केल्याने पैसे वाचतील असं धरून चालू नका.

महिन्याचा किराणा

दोन्ही वेळचं जेवण घरी असेल तर साधारण एवढं लागतं: गहू १० किलो, ज्वारी किंवा बाजरी ४-५ किलो, तांदूळ ७ किलो. तूरडाळ दीड किलो, मूगडाळ आणि मसूरडाळ मिळून एक किलो, हरभराडाळ अर्धा किलो. कडधान्यं (मटकी, मूग, चवळी, हरभरे, अख्खा मसूर, वाटाणे) अर्धा-अर्धा किलो. बेसन एक किलो, शेंगदाणे दीड किलो, पोहे आणि रवा एकेक किलो, गूळ एक किलो, साखर दोन. तेल दोन लिटर, म्हणजे माणशी अर्धा लिटर.

तेलाचा आकडा पाहून बरेच जण हसतात. तेलाच्या डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करा आणि चमच्याने मोजा, मग तो आकडा पुरतो. चौघांच्या भाजीला दीड ते दोन मोठे चमचे तेल पुष्कळ झालं.

रेशन कार्ड असेल आणि नाव अन्नसुरक्षा यादीत असेल तर ते धान्य सोडू नका. २०१३ च्या कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशनचा तांदूळ जाड असतो, रोजच्या वरणभातात तो काहींना आवडत नाही. तो आंबोळी, इडली, घावन आणि खिचडीला वापरा. तिथे तो चांगलाच लागतो. त्या तांदळात मधूनच वेगळ्या रंगाचे, तरंगणारे दाणे दिसले तर "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून टाकू नका. तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून केलेले ते दाणे असतात.

पीठ विकत आणण्याऐवजी धान्य आणून गिरणीतून दळून आणणं स्वस्त पडतं, पण एका वेळी दोन-तीन किलोच दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरा पडतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला जमत नाही. बाजरीचं पीठ तर पंधरा दिवसांत कडवट होतं.

वर्षाची साठवण करायची का? जागा कोरडी असेल तरच. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी कांदा टिकतो. त्याआधी येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्या. कांदे हवेशीर टोपलीत, बटाट्यांपासून लांब ठेवा. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवलं की कीड लागत नाही, फक्त शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुवा. भाड्याच्या ओलसर फ्लॅटमध्ये मात्र गोणीभर काही भरू नका. पोरकिडे झाले की सगळी बचत गेली.

बाजारात

आठवड्यातून दोनदा जा, रोज नको. आठवडे बाजार जवळ असेल तर तोच धरा. संध्याकाळी उठायच्या वेळी भाव उतरतात, पण त्या वेळी फळभाज्या घ्याव्यात: दुधी, भोपळा, वांगी, कोबी. पालेभाजी तोवर मलूल झालेली असते, ती सकाळीच.

भरपावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली असते. ते दोन महिने कडधान्यांचे समजा. डिसेंबर ते फेब्रुवारी उलट: मटार, गाजर, कोबी, फ्लॉवर, मेथी, सगळं स्वस्त. तेव्हा मनसोक्त भाज्या खा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा अनेक घरांत आमटीच अडली. आपल्या आमटीला टोमॅटो कधी लागतच नव्हता. चिंच, आमसूल, कैरी, आंबट ताक, यातलं एक घरात असलं की झालं.

भिजवणं: सगळ्याचा कणा

रात्री भांडी झाली की दीडशे ग्रॅम मटकी किंवा मूग निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका, ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा आणि एका भांड्यात झाकून ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. म्हणजे सोमवारी रात्री भिजवलेली मटकी बुधवारी सकाळी डब्याला. मोड आलेलं कडधान्य फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतं, म्हणून एका वेळी दुप्पट भिजवायला हरकत नाही.

उसळ करताना: कढईत दीड चमचा तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता. एक कांदा चिरून गुलाबी परता. मटकी घाला, दोन मिनिटं परता. तिखट, दीड छोटा चमचा गोडा मसाला, मीठ आणि वाटीभर गरम पाणी. आता कढईवर ताट झाका आणि त्या ताटात पाणी ओता. वाफ आतच फिरते, मटकी करपत नाही, आणि ताटातलं गरम झालेलं पाणी लागेल तसं आत घालता येतं. दहा-पंधरा मिनिटांत दाणा बोटाने दबेल. त्यानंतरच आमसूल आणि गुळाचा खडा. आधी आंबट घातलंत तर कडधान्य शिजतच नाही. नवीन माणसाची उसळ टणक राहते ती बहुतेक याच कारणाने.

भिजवायला विसरलात? अख्खा मसूर दोन तासांत भिजतो, कुकरमध्ये तर न भिजवताही होतो. मूगडाळीला भिजवणं लागतच नाही. हरभरे आणि पांढरे वाटाणे विसरलात तर त्या दिवशी त्यांचं नाव काढू नका, गॅस जळेल.

गॅसचं म्हणाल तर सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो कुकरच्या डब्यांनी वाचतो. खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात, सगळ्यात वर डब्यात दोन बटाटे. शिट्टी झाली की आच बारीक. बाकी सगळ्याला झाकण.

चव कुठून आणायची

इथे पैसे वाचवू नका. स्वस्त जेवण बेचव होतं ते मसाला जुनाट असल्यामुळे आणि तोंडी लावायला काही नसल्यामुळे. घरचा गोडा किंवा कांदा-लसूण मसाला नसेल तर चांगल्या बचत गटाचा घ्या. चौघांना वर्षाला दोन-अडीच किलो पुरतो. पनीर मसाला, पावभाजी मसाला, चिकन मसाला अशी पाच पाकिटं आणण्यापेक्षा हा एक खर्च परवडतो.

दर पंधरा दिवसांनी एक कोरडी चटणी करून ठेवा. शेंगदाण्याची सगळ्यात सोपी: वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन छोटे चमचे तिखट, थोडं जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा. दाण्याला तेल सुटून चटणी गोळा व्हायला लागली की बास. कारळ्याची आणि जवसाची याच पद्धतीने होते आणि त्यांचे भावही आवाक्यातले असतात. साध्या वरणभाताशेजारी ही चटणी असली की ताट अर्धवट वाटत नाही.

सुकं खोबरं महाग झाल्यापासून रश्शाचं वाटण अवघड झालंय. खोबरं निम्मं करा आणि उरलेल्या जागी भाजलेले तीळ, शेंगदाणे किंवा मूठभर डाळं घ्या. कांदा मात्र तेलात चांगला काळपट भाजायचा, रंग आणि खमंगपणा त्याचाच असतो. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, वाटणात त्याच घालायच्या.

आणि फोडणी. तेल पुरेसं तापेपर्यंत थांबायला शिका. मोहरी न तडतडता कांदा पडला तर पुढे कितीही मसाला घाला, भाजी कच्चटच लागते. वरणाला शिजल्यावर वरून लसणाची फोडणी द्या: छोटा चमचा तूप, चार ठेचलेल्या पाकळ्या, एक लाल मिरची. तेवढ्यावर तेच वरण निराळं होतं.

एक जुडी चौघांना

भाजी वाढवण्याच्या तीन रीती आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

पीठ पेरणं: मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, कोबी किंवा ढोबळी मिरची फोडणीत परतायची, पाणी न घालता वरून तीन-चार चमचे बेसन भुरभुरायचं, झाकण ठेवून वाफ काढायची. एका जुडीत चौघांचा डबा होतो.

डाळ घालणं: दुधी, कोबी, पडवळ यांत अर्धी वाटी भिजवलेली हरभराडाळ किंवा मूगडाळ.

पातळ करणं: पालक, चुका किंवा अळू शिजवून घोटायचं, त्यात भिजवलेले शेंगदाणे आणि हरभराडाळ, ताक आणि चमचाभर बेसन. ही भाजी भातावर आमटीसारखी घेता येते, त्यामुळे त्या दिवशी वेगळं वरण लागत नाही.

दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं तीळ-मिरचीबरोबर परतून वाटली की चटणी होते. फ्लॉवरची कोवळी पानं त्याच्याच भाजीत चिरा.

आठवडा कसा जोडायचा

सात दिवसांचे चौदा वेगळे पदार्थ ठरवू नका, कोणी पाळू शकत नाही. एकातून दुसरं निघेल असं लावा.

सोमवारी दोन वाट्या तूरडाळ हिंग-हळद आणि दोन थेंब तेल घालून एकदम शिजवा. निम्म्याचं त्या रात्री वरण: लिंबू, भात, चटणी, मेथीची पीठ पेरून भाजी. उरलेली शिजलेली डाळ झाकून फ्रिजमध्ये. मंगळवारी तिला चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. मुद्दाम थोडी जास्त करा, कारण बुधवारी रात्री त्या आमटीत पाणी वाढवून उकळी आणायची, पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि एकेक करून आत सोडायचे. दहा-बारा मिनिटांत वरणफळं. तिखट-गोड, वरून तूप, आणि बाकी काहीही लागत नाही.

बुधवार सकाळच्या डब्याला कोरडी मटकीची उसळ. त्यातली थोडी मोड आलेली मटकी बाजूला ठेवली तर शुक्रवारी तिचा रस्सा होतो आणि शनिवारी सकाळी त्याच रश्शावर शेव-कांदा टाकून पावाबरोबर मिसळ. बाहेर चार प्लेट मिसळीला किती पडतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

गुरुवारी पिठलं. एक वाटी बेसन तीन-साडेतीन वाट्या थंड पाण्यात आधी कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. उकळत्या पाण्यात पीठ पेरण्याची कला नंतर येईल. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची खमंग फोडणी, त्यात हे कालवण ओतून सतत हलवा आणि कच्चा वास जाईपर्यंत मंद आचेवर झाकून ठेवा. पाच-सात मिनिटं. घाईने उतरवलेलं पिठलं घशाला चिकटतं.

एक रात्र मूगडाळीच्या खिचडीची ठेवा, जोडीला आंबट ताकाची कढी आणि भाजलेला पापड.

उरलेलं

भात उरला तर तो ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजलेला भात उष्ण हवेत तासनतास राहिला की त्यात विष तयार करणारे जिवाणू वाढतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ येईपर्यंत परतून फोडणीचा भात.

शिळ्या पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी, किंवा गूळ-तूप घालून लाडू. शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी हे चालतात. भाकरी ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी. दूध नासलं तर त्याच्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. रोजची साय साठवून विरजण लावा; आठ-दहा दिवसांनी लोणी, तूप आणि ताक असं तिन्ही हाती येतं.

मांसाहार असेल तर

अंडी सगळ्यात परवडतात. उकडून घालण्यापेक्षा उकळत्या रश्शात एकेक फोडून सोडा आणि चार मिनिटं झाका, हलवू नका. रस्सा अंड्यात मुरतो. चिकन अर्धा किलो, हाडासकट, तीन बटाट्यांबरोबर: रस्सा भरपूर, भाकरी जास्त. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या मागे लागू नका. मे महिन्यातच सुकट किंवा जवळा घेऊन कडक उन्हं दाखवून बरणीत भरा. मूठभर जवळा कोरडा भाजून, दोन कांदे आणि आमसुलाबरोबर परतला की पावसाळी रात्रीचं जेवण होतं. एरवी सुरमई-पापलेटऐवजी बांगडा.

महिन्याचे शेवटचे चार दिवस

भाजीचे पैसे संपलेले असतात पण डबे रिकामे नसतात. या दिवसांसाठी अर्धा किलो कुळथाचं पीठ नेहमी बाजूला ठेवा. एक दिवस भातावर कुळथाची पिठी, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं. दुसऱ्या दिवशी शेंगोळे: दोन वाट्या कुळथाच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट भिजवा. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या वळ्या करून कडी वळा. लसणाच्या फोडणीत सहा वाट्या पाणी उकळा, त्यात दोन चमचे पीठ कालवून घाला म्हणजे रस दाट होतो, आणि शेंगोळे सोडा. पहिली पाच मिनिटं चमचा लावायचा नाही, नाहीतर मोडतात. वीस मिनिटांत शिजतात. वाढताना वरून कच्चं तेल आणि शेजारी कांदा फोडून.